रिमोट सेशनमध्ये अ‍ॅडमिन परवानगीचा प्रॉम्प्ट आला की स्क्रीन काळी पडते: कारणं आणि उपाय

नेटवरून दुसऱ्याच्या मशीनवर काम करायचं रिमोट सेशन व्यवस्थित चाललेलं असतं. ड्रायव्हर टाकायचा म्हणून तुम्ही सेटअपवर डबल क्लिक करता आणि तुमच्या बाजूची स्क्रीन काळी पडते, किंवा चित्र आहे तिथेच थिजतं. माउस हलवा, कळा दाबा, काही फरक पडत नाही. तेवढ्यात फोनवर पलीकडून आवाज येतो, "अहो, इथे काहीतरी आलंय. येस की नो विचारतंय. काय करू?" तुम्हाला ते दिसत नसतं, म्हणून तुम्ही "येस करा" म्हणता. चित्र परत येतं. पुढचा इन्स्टॉलर उघडला की पुन्हा तेच. आणि पलीकडच्या माणसाचं खातं साधं, म्हणजे अ‍ॅडमिन अधिकार नसलेलं असेल, तर येस-नोच्या जागी पासवर्ड मागितलेला असतो आणि काम तिथेच अडतं.

सपोर्टमध्ये नव्याने आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला आधी वाटतं की नेट गेलं. मग तो सेशन तोडतो, पुन्हा जोडतो, आणि स्क्रीन खरोखरच दिसू लागते. जोडण्या-तोडण्याचा त्याच्याशी काही संबंध नसतो. विंडोजच्या या प्रॉम्प्टला साधारण दोन मिनिटांत कुणी उत्तर दिलं नाही, तर तो 'नाही' असं धरून आपणहून बंद होतो. तेवढा वेळ पुन्हा जोडण्यात गेलेला असतो, इतकंच. पण "पुन्हा कनेक्ट केलं की होतं" हा समज एकदा बसला की तो माणूस पुढे कितीतरी दिवस तेच करत राहतो. म्हणून मी आधी कारण समजावून सांगते, बटणं नंतर.

स्क्रीन काळी का होते

हा प्रॉम्प्ट यूएसीचा, म्हणजे युजर अकाउंट कंट्रोलचा. २००७ साली विंडोज व्हिस्टा घरोघरी आलं तेव्हापासून तो आहे. अ‍ॅडमिन गटातल्या माणसाने लॉगिन केलं तरी विंडोज त्याला रोजच्या कामासाठी अधिकार छाटलेलं टोकन, म्हणजे अधिकारांची ओळखचिठ्ठी, देतं. पूर्ण अधिकारांचं टोकन बाजूला ठेवतं आणि विचारल्याशिवाय वापरत नाही. विचारताना ते नेहमीच्या डेस्कटॉपवर विचारत नाही. त्यासाठी वेगळा डेस्कटॉप उघडतं, त्याला सिक्युअर डेस्कटॉप म्हणतात. प्रॉम्प्टच्या मागे मंद झालेल्या खिडक्या दिसतात ना, त्या खऱ्या नसतात. क्षणापूर्वीच्या स्क्रीनचं ते चित्र असतं. या डेस्कटॉपवर सिस्टीम खात्याखाली, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या खात्याखाली, चालणाऱ्या प्रोग्रामनाच प्रवेश असतो. पलीकडच्या माणसाने डाउनलोड करून नुसतं डबल क्लिकने उघडलेलं रिमोट टूल हे त्याच्याच खात्यातला एक साधा प्रोग्राम असतं. त्याला तिथलं काहीच दिसत नाही, मग तुम्हाला तरी कसं दिसणार?

ही झाली पहिली भिंत. दुसरी भिंत फारशी कुणाला माहीत नसते, आणि खरा वेळ तीच खाते.

विंडोजमध्ये प्रत्येक प्रोग्रामला एक पातळी असते: साध्या प्रोग्रामची मध्यम, अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्याची उच्च, त्याच्या वर सिस्टीमची. खालच्या पातळीचा प्रोग्राम वरच्या पातळीच्या खिडकीला क्लिक किंवा कळ पाठवू शकत नाही. हे नीट पाहायचं असेल तर एकदा मुद्दाम करून बघा. पलीकडे अ‍ॅडमिन खातं असू द्या, रिमोट टूल साधंच उघडा, आणि टास्क मॅनेजर सुरू करायला सांगा. यूएसीची सेटिंग मूळचीच असेल तर टास्क मॅनेजर कोणताही प्रॉम्प्ट न दाखवता उच्च पातळीवर उघडतो. तुम्हाला तो स्पष्ट दिसतो, प्रोसेसची यादी वर-खाली होताना दिसते. तुमचा बाण त्याच्या बाहेर असेपर्यंत सगळं ठीक. बाण त्या खिडकीवर नेऊन क्लिक करा: काही होत नाही. कळा दाबा: काही होत नाही. पलीकडचा माणूस त्याच माउसने त्याच ठिकाणी क्लिक करतो आणि ते लगेच लागतं. रजिस्ट्री एडिटर, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग बदलायचा प्रोग्राम, प्रॉम्प्ट विचारून उघडतो, पण क्लिकचं तिथेही असंच. मग तक्रार येते ती "माउस मधूनमधून चालत नाही" अशी, आणि आपण माउस, टूलची आवृत्ती, नेटचा वेग असं सगळं तपासत बसतो.

दिसणं आणि क्लिक लागणं या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, एवढं डोक्यात पक्कं बसलं की निम्म्या तक्रारी ऐकताक्षणीच उलगडतात. काळी स्क्रीन असेल तर पहिली भिंत. दिसतंय पण क्लिक लागत नाही, तर दुसरी.

खरा उपाय सेशनच्या सुरुवातीला असतो

प्रॉम्प्ट आल्यावर धावपळ करण्यापेक्षा टूल सुरू करतानाच त्याला पुरेसे अधिकार मिळवून द्या. पलीकडच्या खात्याला अ‍ॅडमिन अधिकार असतील, तर टूलच्या फाइलवर उजवं क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडायला सांगा. एकच प्रॉम्प्ट येईल, तो त्यांनी स्वतः वाचून मान्य करायचा. अधिकार मिळाले की बहुतेक टूल्स मागे एक तात्पुरती सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्राम, उभी करतात. ती सिस्टीम खात्याखाली चालते, त्यामुळे सिक्युअर डेस्कटॉपही तुम्हाला दिसतो आणि तिथे क्लिकही लागतं. त्यानंतर दहा इन्स्टॉलर चालवा, स्क्रीन काळी होणार नाही.

सेशन आधीच सुरू झालं असेल तर तोडण्याआधी टूलचा मेनू बघा. अनेक टूल्समध्ये अधिकार वाढवून मागण्याची सोय असते. त्यात दोन पर्याय मिळतात: पलीकडच्या माणसाला विचारा, किंवा तुमच्याकडचं अ‍ॅडमिन नाव आणि पासवर्ड इथूनच पाठवा. साध्या खात्याच्या बाबतीत दुसरा पर्याय फार मोलाचा, कारण पासवर्ड त्यांच्या स्क्रीनवर, त्यांच्या डोळ्यांसमोर टाकावा लागत नाही.

ज्या मशीनवर वारंवार जावं लागतं, तिथे प्रत्येक वेळी फाइल डाउनलोड करून उघडण्यात अर्थ नाही. टूल रीतसर इन्स्टॉल करा, म्हणजे ते सर्व्हिस म्हणून चालेल, लॉगिन स्क्रीनही दिसेल आणि मशीन रीस्टार्ट झाल्यावर पुन्हा जोडता येईल. अर्थात अशी कायमची वाट उघडी ठेवायची तर तिला भक्कम पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी हवीच, आणि मशीन ज्याचं आहे त्याला ती वाट आहे हे माहीत हवं.

विंडोजच्या क्विक असिस्टची, म्हणजे त्याच्या स्वतःच्या रिमोट मदतीच्या टूलची, गोष्ट थोडी निराळी. ते पलीकडच्याच्या खात्यात साध्या अधिकारांनी चालतं, त्यामुळे प्रॉम्प्ट आला की मदत करणाऱ्याला काळी स्क्रीन दिसते आणि उत्तर तिथे बसलेल्या माणसानेच द्यायचं असतं. त्याच्याकडे अधिकार असतील तर ठीक. नसतील, तर माझं स्पष्ट मत असं की इन्स्टॉलेशनच्या कामाला क्विक असिस्ट घेऊच नये. दाखवण्या-शिकवण्याला ते उत्तम आहे. जुन्या रिमोट असिस्टन्ससाठी ग्रुप पॉलिसीत, म्हणजे मशीनसाठी नियम ठरवायच्या सेटिंगमध्ये, एक वेगळी सोय आहे. दुसऱ्या प्रोग्रामच्या खिडक्या चालवू शकणाऱ्या यूआय अ‍ॅक्सेस प्रकारच्या प्रोग्रामना सिक्युअर डेस्कटॉपशिवाय परवानगी मागू देणारं ते धोरण मुळात बंद असतं. कंपनीत रिमोट असिस्टन्स सर्रास वापरत असाल तर ते विचारपूर्वक चालू करता येतं.

यूएसी बंद करू नका

शोधायला गेलात तर पहिला सल्ला हाच मिळतो: कंट्रोल पॅनेलमधला यूएसीचा स्लायडर खाली ओढा. त्या स्लायडरला विंडोज ७ पासून चार पायऱ्या आहेत. वरून तिसरी पायरी डेस्कटॉप मंद न करता विचारण्याची, म्हणजे सिक्युअर डेस्कटॉप बंद. तिथे आणलं की काळी स्क्रीन जाते, प्रॉम्प्ट दिसतो, आणि माणूस खूश होतो. मग तो येसवर क्लिक करतो आणि काहीच होत नाही, कारण दुसरी भिंत जागच्या जागी आहे: प्रॉम्प्ट वरच्या पातळीवर, टूल मध्यम पातळीवर. शिवाय सिक्युअर डेस्कटॉप ज्यासाठी होता ते संरक्षणही गेलं. आता कुठलाही प्रोग्राम हुबेहूब तसाच दिसणारा खोटा प्रॉम्प्ट नेहमीच्या डेस्कटॉपवर काढून पासवर्ड लुबाडू शकतो.

त्याहून वाईट म्हणजे रजिस्ट्रीत 'इनेबल एलयूए' ही नोंद शून्य करून यूएसी मुळासकट काढणं. हे लागू व्हायला रीस्टार्ट लागतो, आणि त्यानंतर अ‍ॅडमिन खात्यातला प्रत्येक प्रोग्राम, ईमेलमधून आलेली फाइलसुद्धा, पूर्ण अधिकारांनी चालतो. साध्या खात्यांत तर उलटाच परिणाम होतो. तिथे प्रॉम्प्ट येणंच बंद होतं, त्यामुळे पासवर्ड टाकायची जागाच उरत नाही आणि काम नुसत्या 'अ‍ॅक्सेस डिनाइड'वर संपतं. ज्या अडचणीसाठी हे केलं तीच आणखी घट्ट होऊन बसते.

मला एका मशीनवर हा स्लायडर सगळ्यात खाली सापडला होता. कुणीतरी एका इन्स्टॉलेशनपुरता खाली आणला होता आणि वर करायचं राहून गेलं होतं. ते मशीन हिशेबाचं काम करणाऱ्या व्यक्तीचं होतं. तेव्हापासून कुठल्याही सेशनमध्ये अशी सेटिंग बदलायची वेळ आलीच, तर तिकिटात, म्हणजे त्या तक्रारीच्या नोंदीत, आधी "परत करायचं आहे" अशी ओळ लिहिते आणि मगच हात लावते.

पासवर्ड कोणी टाकायचा

साध्या खात्यासमोर पासवर्ड मागणारा प्रॉम्प्ट उभा आहे, पलीकडचा माणूस घाईत आहे, आणि "मी सांगते तो टाइप करा" हे शब्द अगदी ओठांवर येतात. येऊ देऊ नका. तो पासवर्ड सगळ्या मशीनना एकच असेल, तर तुम्ही एका माणसाला सगळ्या मशीनची किल्ली दिलीत. दोष त्या माणसाचा नसतो. तो तो पासवर्ड लिहून ठेवणार, कारण पुढच्या वेळी तुम्हाला त्रास नको असं त्याला मनापासून वाटतं.

यासाठी मायक्रोसॉफ्टचं लॅप्स आहे. प्रत्येक मशीनच्या स्थानिक अ‍ॅडमिन खात्याला वेगळा पासवर्ड, तो ठरावीक दिवसांनी आपोआप बदलतो, आणि हवा तेव्हा अधिकार असलेल्यानेच मध्यवर्ती ठिकाणाहून पाहायचा. पूर्वी ते वेगळं टाकावं लागे. एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून ते विंडोजमध्येच आलं आहे. वापर झाल्यावर काही तासांनी पासवर्ड बदलून टाकायची सोयही त्यात आहे. आणीबाणीत एखाद्याला पासवर्ड सांगावाच लागला, तरी तो लवकरच निकामी होतो.

आता पासवर्ड बरोबर असूनही चालत नाही त्या तक्रारी. मशीन डोमेनमध्ये, म्हणजे कंपनीच्या एकत्रित खात्यांच्या व्यवस्थेत, असेल तर नुसतं नाव टाकल्यावर विंडोज ते डोमेनमध्ये शोधतं. स्थानिक खातं हवं असेल तर नावाच्या आधी टिंब आणि उलटी तिरकी रेघ द्या. दुसरं कारण कीबोर्डचं: तुमचा लेआउट एक, पलीकडचा दुसरा, आणि पासवर्डातलं विशेष चिन्ह भलतंच उमटतं. पासवर्डाच्या रकान्यात नुसते ठिपके दिसत असल्याने ते कळत नाही. मी नावाच्या रकान्यात आधी दोन-चार चिन्हं टाइप करून बघते, बरोबर उमटली की पुसून नाव लिहिते. दहा सेकंदांचं काम आहे, आणि खातं लॉक होण्यापासून वाचतं.

आणि आता तो सापळा, ज्यात मी स्वतः अख्खी दुपार घालवली आहे. साध्या खात्यातल्या प्रॉम्प्टमध्ये तुम्ही अ‍ॅडमिनचं नाव टाकता, तेव्हा तो प्रोग्राम त्या अ‍ॅडमिनच्या खात्यात चालतो, समोरच्या माणसाच्या नाही. ज्या सेटिंग वापरकर्त्यागणिक जपल्या जातात त्या सगळ्या अ‍ॅडमिनच्या प्रोफाइलमध्ये जाऊन बसतात. तुम्ही ईमेल प्रोग्रामची अ‍ॅड-इन टाकता, इन्स्टॉलर 'यशस्वी' म्हणतो, आणि त्या माणसाच्या मेलमध्ये ती दिसतच नाही. पुन्हा टाकता, पुन्हा यशस्वी, पुन्हा नाही. इन्स्टॉलर 'सर्व वापरकर्त्यांसाठी' असा पर्याय देत असेल तर तो घ्या. देत नसेल, तर आधी तो प्रोग्राम अ‍ॅडमिनशिवाय त्यांच्याच खात्यात टाकता येतो का ते तपासा, पुष्कळदा येतो.

नेटवर्क ड्राइव्हचंही असंच. इन्स्टॉलर झेड ड्राइव्हवर ठेवलाय, तिथूनच चालवला, आणि येस केल्यावर विंडोज म्हणतं असा मार्गच नाही. ड्राइव्हची जोडणी त्या लॉगिनपुरती असते. अधिकार वाढवलेल्या बाजूला ती नसते. फाइल आधी मशीनवर कॉपी करा किंवा सर्व्हरचा पूर्ण मार्ग वापरा.

प्रॉम्प्ट येतच नाही तेव्हा

"मी क्लिक केलं, काहीच झालं नाही" असं ऐकलं की आधी टास्कबार बघा. ज्या खिडकीने परवानगी मागितली ती समोर नसेल, तर प्रॉम्प्ट उघडत नाही. खाली ढालीचं चिन्ह लुकलुकत राहतं. रिमोट सेशनमध्ये हे वरचेवर होतं, कारण दोघं एकाच स्क्रीनवर क्लिक करत असतात आणि एकाचा क्लिक दुसऱ्याची खिडकी मागे ढकलतो. काही कंपन्यांत साध्या खात्याची मागणी थेट नाकारायचं धोरण असतं. तिथे पासवर्ड विचारला जाणारच नाही, प्रशासकाने अडवल्याचा संदेश येईल. ते मोडायचा प्रयत्न नको, ते मुद्दाम ठेवलेलं असतं.

प्रॉम्प्ट आला पण येसचं बटण फिकं आणि पासवर्डाचा रकानाच नाही, तर त्या मशीनवर चालू स्थितीतलं एकही अ‍ॅडमिन खातं उरलेलं नाही असं समजा. बहुतेक वेळा कुणीतरी सुरक्षेसाठी म्हणून शेवटचं खातंही अ‍ॅडमिन गटातून काढलेलं असतं. हे रिमोट स्क्रीनवरून सुटणार नाही. मशीनवर व्यवस्थापनाचा एजंट, म्हणजे दुरून कामं पाठवता येतील असा प्रोग्राम, असेल तर त्यातून खातं पुन्हा उभं करा, नाहीतर मशीनपाशी माणूस पाठवा.

तो एजंट सिस्टीम खात्याखाली चालतो, म्हणून त्याने पाठवलेल्या कामाला प्रॉम्प्ट येत नाही. साधं सॉफ्टवेअर टाकायचं असेल तर स्क्रीन बघायची गरजच काय? मागच्या मागे पाठवा, पलीकडच्याचं काम चालू राहील. कमांडवाल्यांसाठी एक सूचना: नुसती 'रनअ‍ॅज' कमांड दुसऱ्याच्या खात्यात प्रोग्राम उघडते, अधिकार वाढवत नाही. नेहमीच्या पद्धतीने बनवलेल्या अ‍ॅडमिन खात्यानेही छाटलेलंच टोकन मिळतं.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर लक्षणंच वेगळी. पलीकडचा फक्त वॉलपेपर दिसतो आणि एकही खिडकी दिसत नाही, तर स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी दिलेली नाही. २०१९ च्या कॅटालिनापासून ती लागते. सगळं दिसतं पण माउस चालत नाही, तर अ‍ॅक्सेसिबिलिटीची राहिली. दोन्ही सेटिंगमधल्या प्रायव्हसीच्या भागात, आणि दोन्ही पलीकडच्या माणसानेच द्यायच्या. परवानगी दिल्यावर टूल बंद करून पुन्हा उघडायला सांगा, नाहीतर ती लागू होत नाही आणि आपण उगाच दुसरीकडे शोधत बसतो.

लिनक्सवर अ‍ॅडमिनचं काम मी स्क्रीनवरून करतच नाही. एसएसएच (दुरून कमांड चालवायची सुरक्षित जोडणी) आणि सुडो (अ‍ॅडमिन अधिकाराने कमांड चालवणं), एवढं पुरतं.

पलीकडच्या माणसाशी बोलताना

तंत्राइतकंच बोलणं महत्त्वाचं आहे. अनोळखी आवाज फोन करतो, टूल उघडायला लावतो आणि "येस दाबा, येस दाबा" म्हणत राहतो: फसवणारेही हेच करतात. आपणही तसंच बोललो तर माणसाला न वाचता येस दाबायची सवय आपणच लावतो. माझ्या सेशनमध्ये बोलणं साधारण असं होतं:

"मॅडम, आता तुमची स्क्रीन मंद होईल आणि एक खिडकी येईल. ती मला दिसणार नाही. त्यावर प्रोग्रामचं नाव काय लिहिलंय ते मला वाचून दाखवाल?"

"हो... नाव आलंय. खाली पब्लिशर म्हणून पण काहीतरी आहे."

"तेही वाचा. आणि वरची पट्टी निळी आहे की पिवळी?"

"निळी."

"बरोबर, आपण आत्ता डाउनलोड केलं तेच नाव आहे. आता येस करा. नाव वेगळं असतं किंवा पट्टी पिवळी असती, तर मी तुम्हाला थांबायला सांगितलं असतं."

पिवळी पट्टी म्हणजे फाइलवर ओळखता येईल अशी डिजिटल सही नाही. कधीकधी जुन्या, घरच्या घरी बनवलेल्या सॉफ्टवेअरचंही असं होतं, त्यामुळे पिवळी दिसली की लगेच घाबरायचं कारण नाही. पण फाइल कुठून आली याची खातरजमा झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आणि सेशन तोडण्याआधी टास्कबारवर एकदा नजर फिरवा. कमांड प्रॉम्प्टच्या शीर्षकात 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' असं लिहिलेली खिडकी उघडी राहिली असेल, तर साध्या खात्यातल्या माणसाच्या हातात पूर्ण अधिकार ठेवून आपण निघून जातोय. ती बंद करा, तात्पुरतं उघडलेलं टूल बंद करून घ्या, आणि पलीकडच्याला सांगा की आता तुमच्या स्क्रीनवर माझा हात नाही.